चार जास्तीचे स्क्रू

एकसंध वस्तूंवर माझा भारी विश्वास. त्यामुळे चौकच्या घरासाठी जेवणाचं टेबल करायचं ठरलं तेव्हा सुताराला बजावलं, "वरची फळी अखंड हवी. जोड नको!"

"साहेब, तीन फुटी अखंड फळी वर्षात पन्हळ होईल," तो म्हणाला. मग त्यानं सागवानाच्या अरुंद फळ्या घेतल्या, कडा रंधल्या आणि एकीचा गाभा वर, दुसरीचा खाली अशा उलटसुलट मांडून सरसानं चिकटवल्या. एक वाकायला लागली की शेजारीण तिला उलट ओढते. (आमच्या आळीत नेमकं असंच चालतं.)

सांगाड्यावर बसवताना त्यानं स्क्रूची भोकं मात्र लांबट ठेवली. "लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. पावसात फुगतं, मग आकसतं. त्याला जागा द्या."

एवढ्या पैशांत हलणारं टेबल? सुतार गेल्यावर मी भर श्रावणात चार जास्तीचे स्क्रू पिळले. माघात एका रात्री फाडकन आवाज झाला. सांधे सगळे शाबूत. फाटली ती मधली फळी.

घट्ट धरणं म्हणजे माया की निव्वळ भीती, हा प्रश्न तेव्हापासून छळतो. कारण त्याच महिन्यात मुलगा म्हणाला, "बाबा, आम्ही भाईंदरला वेगळी जागा बघतोय." मी दोन दिवस जेवलो नाही. टेबलाचं निमित्त होतंच.

काल त्याच्याबरोबर जागा बघून आलो. स्वयंपाकघर जरा अंधारं आहे.