श्रोत्याला ठाऊक असते

प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते रंगभूमीवरील पात्राला ठाऊक नसावे, आणि त्यामुळे पात्राच्या साध्या बोलण्यालाही भीषण अर्थ प्राप्त व्हावा, या नाट्यगत उपरोधाची व्याख्या इंग्रजीच्या तासाला आधी फळ्यावर लिहून द्यायची व मुलांनी ती परीक्षेपर्यंत तोंडपाठ ठेवायची, ही जी रीत आपल्या माध्यमिक शाळांतून पडून गेली आहे, ती अन्य मुलखांत कदाचित निभून जात असेल. धाराशिव जिल्ह्यात तरी ती मला निव्वळ अपव्यय वाटते. तेरच्या गोरोबाकाकांची कथा ज्यांनी सप्ताहाच्या मांडवात आजीला खेटून बसून ऐकली आहे, त्या मुलांना या उपरोधाचा अनुभव व्याख्येच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो.

कीर्तनकार ही कथा कशी लावून धरतो, ते पाहण्यासारखे आहे. गोरोबा चिखल तुडवीत आहेत, मुखी नाम चालले आहे, देहभान हरपले आहे. पत्नी मुलाकडे लक्ष ठेवण्यास बजावून पाण्याला गेली आहे. रांगते मूल चिखलाच्या दिशेने सरकू लागले आहे. आणि नेमक्या याच जागी बुवा कथा सोडून अभंग धरतात, टाळकऱ्यांना लय वाढवायला लावतात. ते मूल बापाच्याच पायांखाली तुडवले जाणार हे मांडवातल्या एकूण एक माणसाला ठाऊक असते, तरीही बायका मांडीवरचे पोर आपसूक आत ओढून घेतात. ज्या नामात श्रोते स्वतः रंगले आहेत, त्याच नामाने तिकडे बापाचे कान बंद केले आहेत, ही जाणीव टाळ्या वाजवता वाजवताच त्यांना होत असते.

एवढे मुलांकडून वदवून घेतल्यावर मॅकबेथ काढावा. राजा डंकन गडाच्या दाराशी येऊन तिथल्या हवेची तारीफ करतो, यजमानीणबाईंचे आभार मानतो. आणि त्या बाईने रात्रीचा बेत पक्का केलेला आपण आदल्याच प्रवेशात ऐकलेला असतो. शिरवाडकरांनी हेच नाटक ‘राजमुकुट’ या नावाने मराठीत आणले. ते हाताशी असल्यास इंग्रजी प्रवेशापूर्वी वाचून दाखवण्यास शिक्षकाने बिलकूल संकोचू नये.

मात्र परिणामाच्या प्रश्नाशी येताच दोन्ही कथांच्या वाटा फुटतात. गोरोबांनी पुढे आपले हात तोडून घेतले. पण पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात टाळीसाठी वर केलेल्या थोट्या बाहूंना हात फुटले आणि गेलेले मूलही परत आले, असे कथा सांगते. मॅकबेथच्या पत्नीचे हात जागच्या जागी आहेत, पण झोपेत चालत ती ते जन्मभर धूत राहिली तरी रक्ताचा डाग जात नाही. तिला कोणी का सोडवीत नाही, असे एखाद्या मुलाने विचारले तर त्याला अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून गप्प करू नये, कारण त्या तासाचे सार्थक त्याच प्रश्नात आहे. त्याहूनही बिकट प्रश्न गोरोबांचाच आहे: मॅकबेथने जाणूनबुजून खून केला, यांच्या हातून घडले ते अजाणता, आणि तेही भक्तीच्या भरात. मग प्रायश्चित्त कशाचे? कथेच्या शेवटी मूल परत आले म्हणून हा प्रश्न मिटतो, असे मला वाटत नाही.

इंग्रजी वाङ्मयाशी या जिल्ह्याचा संबंध दूरचा आहे, अशी समजूत असणाऱ्यांनी नळदुर्गाकडे पाहावे. 1853च्या तहनाम्यान्वये निजामाने हा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला, तेव्हा येथील कारभार फिलिप मेडोज टेलरकडे आला. त्याने 1863 साली तुळजापूरची पार्श्वभूमी घेऊन ‘तारा’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. परंतु आपल्या विषयाला अधिक उपयोगी पडते ती त्याची 1839ची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी. तिचा नायक अमीर अली ज्याला बाप मानून वाढतो, तोच त्याच्या आईबापांचा मारेकरी आहे, हे वाचकाला त्याच्याआधी कळते. आणि अखेर स्वतःच्या बहिणीचा जीवही आपल्याच हातून गेल्याचे त्याला उमगते. हा ठग आपल्या पराक्रमांच्या हकिकती फुशारकीने सांगत जातो आणि वाचक मात्र शहारत असतो. कंपनीच्या अंमलाची तरफदारी त्या पुस्तकात पुष्कळ आहे, ती मुलांना दाखवूनही द्यावी. तेवढ्यासाठी पुस्तक वर्ज्य करण्याचे कारण नाही.

आता राहिली परीक्षा. कथालेखनाच्या प्रश्नात मुद्द्यांवरून गोष्ट फुलवून शेवटी ‘मोरल’ म्हणून एक वाक्य ठोकून द्यायचे, हे वळण विद्यार्थ्यांच्या हाती इतके पक्के बसले आहे की, मॅकबेथच्या सर्वनाशाखालीही लोभ वाईट असतो एवढे लिहून ते मोकळे होतात. माझी सूचना साधी आहे. गोरोबांची पत्नी भरली घागर घेऊन अंगणात पाऊल टाकते तिथे गोष्ट थांबवावी, आणि तिचे पहिले वाक्य मुलांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, लिहू द्यावे. कोणी तिला मूल कुठे आहे असे विचारायला लावील, कोणी चिखल झाला का एवढेच विचारायला लावील. हे दुसरे वाक्य लिहिणाऱ्या मुलाला उपरोध पुरता कळला आहे. त्याच्या काळाच्या आणि प्रत्ययाच्या चुका दुसऱ्या दिवशी दुरुस्त केल्या तरी चालतील.