घर कोणी सोडावे?

हेन्रिक इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकाचा पहिला प्रयोग डिसेंबर १८७९ मध्ये कोपनहेगन येथे झाला. नाटकाच्या अखेरीस नोरा घर सोडून जाते. तिच्या या जाण्यात समीक्षकांनी आत्मभान पाहिले, बंड पाहिले. आणि ते योग्यच होते. परंतु तिच्यामागे लागलेल्या दाराआड एक प्रश्न राहून गेला : घर सोडायचे ते तिनेच का? नोराला पतीची मारहाण नव्हती. जिला ती सोसावी लागते, तिचे जाणे हे बंड नसते. ती जीव वाचवण्याची धडपड असते.

या धडपडीला युरोपीय समाजाने दिलेले पहिले उत्तर करुणेचे होते. १९७१ मध्ये लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी यांनी छळग्रस्त स्त्रियांसाठी आश्रयस्थान उघडले आणि असंख्य जणींना त्या वाटेने आधार मिळाला. तरीही त्यात एक नैतिक विसंगती उरतेच. अपराध एकाचा आणि परागंदा व्हावे दुसरीने, हा तो न्याय.

१ मे १९९७ रोजी अमलात आलेल्या ऑस्ट्रियाच्या कायद्याने हा क्रम उलटा केला. हिंसा करणाऱ्याला, घर त्याच्या मालकीचे असले तरी, तेथून बाहेर काढण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. जर्मनीत २००२ मध्ये याच दिशेचा कायदा अमलात आला. २०११ च्या इस्तंबूल करारातील बावन्नाव्या कलमाने तर हे तत्त्व सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक केले.

यावर घेतला जाणारा आक्षेप क्षुल्लक नाही. गुन्हा सिद्ध होण्यापूर्वी एखाद्याला त्याच्याच घराबाहेर काढणे न्याय्य आहे काय? मात्र अशा घरातून कोणीतरी एक बाहेर पडणार, हे बहुधा ठरलेलेच असते. तेव्हा राज्यसंस्थेने तटस्थ राहणे म्हणजे बलिष्ठाच्या बाजूने कौल देणे होय. ही मनाई शिक्षा नव्हे. त्याची गैरसोय भरून निघू शकते. तिचा गेलेला जीव परत येत नाही. म्हणूनच ही मनाई अल्पमुदतीची आणि फेरतपासणीस पात्र असणे अगत्याचे ठरते.

तथापि कायद्याची दृष्टीही भिंतींपाशी अडते. २०१२ मध्ये ऑस्ट्रियातच, घरी येण्यास मनाई असलेल्या एका पित्याने शाळेत जाऊन आपल्या मुलाला गोळी घातली. मनाईच्या आदेशात शाळेचा समावेश नव्हता. पुढच्याच वर्षी कायद्यात तशी दुरुस्ती झाली. २०२१ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने दहा विरुद्ध सात मतांनी राज्यसंस्थेला दोषमुक्त ठरवले : मुलाच्या जिवाला असलेला धोका त्या वेळी ओळखता येण्याजोगा नव्हता, असे बहुमताला वाटले. सात न्यायाधीशांना ते पटले नाही, याचे मोल कमी नाही.

त्याच वर्षी तुर्कस्तान इस्तंबूल करारातून बाहेर पडला. या कराराला सर्वप्रथम, २०१२ मध्ये, मान्यता देणारे राष्ट्र तेच होते. कायद्याने मिळवलेली भूमी अशी सुटूही शकते.

हिंसा वास्तूत नसते, ती नात्यात असते; म्हणून ती माणसाच्या पाठोपाठ उंबरठा ओलांडते. ‘घर कोणी सोडावे?’ या प्रश्नाचे उत्तर युरोपातील अनेक कायद्यांनी दिले आहे. भयाचे ओझे कोणी वाहावे, हा त्यापुढचा प्रश्न आहे. आणि तो केवळ न्यायाधीशांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.