ताज्या बर्फाची सकाळ



गुलमर्गला रात्रभर बर्फ पडतो. सकाळी आभाळ निवळतं. अफरवट शिखराच्या उतारांवर पिठासारखा मऊ, कोरडा बर्फ पसरलेला असतो. स्कीइंगमध्ये मुरलेल्या माणसाला ही पर्वणीच. उशीर केला, तर इतरांच्या स्कींचे चरे त्यावर उमटतात. म्हणून त्याचे पाय शिवशिवतात.

शेजारी जोडीदार असतो, नुकताच शिकू लागलेला. त्याला हाच बर्फ नकोसा. स्कीची टोकं रुततात, तोल जातो. उठायला हात टेकावा, तर तोही कोपरापर्यंत आत जातो.

"चल, जमेल तुला," म्हणत त्याला गोंडोलातून, म्हणजे रोपवेनं, थेट वर नेणं, हे प्रेम नव्हे. वर हिमस्खलनाचाही धोका असतो. खाली थांबून शिखराकडे बघत उसासे टाकणं, हेही प्रेम नव्हे. मला तर हे दुसरंच जास्त बोचतं.

जायचं तर मोकळ्या मनानं जावं. थांबायचं तर मोकळ्या मनानं थांबावं.

त्यासाठी आदल्या रात्रीच बोलून घ्यावं. सकाळी एकानं गाईडसोबत वर जावं. दुपारी दोघांनी खालच्या सोप्या उतारावर रमावं. शिकवणं मात्र प्रशिक्षकावर सोपवावं. नवरा-बायकोनं एकमेकांना शिकवू नये, मग ती गाडी असो की स्की!

मंडळी, घरातही कुणी पुढे असतं, कुणी मागे. पुढच्यानं फरफटवू नये, उपकारही दाखवू नयेत. मागच्यानंही म्हणावं, "जाऊन ये, मोकळ्या मनानं." आणि परतल्यावर वरच्या बर्फाचं कौतुक सांगण्याआधी पुढच्यानं विचारावं, "तुझं वळण जमलं का आज?"