कच्चे लिंबू

वारंगा फाट्यावर गोल्फचे मैदान नाही. पण कच्चे लिंबू तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. धाकट्याला सवलत द्यायची आणि खेळात घ्यायचे. गोल्फमधले ‘हँडिकॅप’ म्हणजे प्रौढांचे, आकड्यांत मांडलेले कच्चे लिंबूच. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० डावांपैकी उत्तम ८ डावांवरून ते काढतात.

मग मित्रांबरोबर सहज खेळलेला डावही त्यात नोंदवावा काय? नियमांना चालतो. मन मात्र कुरकुरते, की रविवारची सकाळ तरी मोजमापाविना जावी! ही तक्रार मला अगदीच खोटी वाटत नाही. परंतु सवलत आपण स्वतःच्या खिशातून घेत नाही. समोरच्याच्या पदरातून घेतो. रविवारी सफाईने खेळून ते दडवायचे आणि स्पर्धेत कच्चे लिंबू म्हणून उभे राहायचे, ही त्याची शुद्ध फसवणूक. उलट, चांगलेच डाव तेवढे नोंदवून मिरवणारा स्वतःच हरतो. त्याचे हसू येते, राग येत नाही.

इंग्लंडात असा डाव नोंदवायचा तर पहिल्या फटक्याआधीच तसे कळवावे लागते. पूजेआधी संकल्प, तसे. न कळवलेला डाव खुशाल विसरावा. आमच्या गल्लीतही ‘ट्राय बॉल’ हे चेंडू टाकण्यापूर्वीच सांगावे लागे. दांडी उडाल्यावर सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नसे.