भाऊगर्दी

कल्याण स्टेशनच्या पुलावर सकाळी आठच्या सुमारास कुणीतरी हटकून म्हणतो, "काय ही भाऊगर्दी!" त्याच्या मनात नुसती दाटी असते. निवडणुका आल्या की वर्तमानपत्रांना 'इच्छुकांची भाऊगर्दी' दिसू लागते. तेव्हा तर हे भाऊ म्हणजे गल्लोगल्लीचे भाऊ, दादा आणि अण्णाच असावेत असे वाटते.

पण हा भाऊ एकच. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या हाताखालचे सैन्य बुडाले, ती भाऊगर्दी. 'गर्दी' म्हणजे तेव्हा दंगल, धुमाकूळ, संहार. हिंदीतल्या 'गुंडागर्दी'त तिचा तो जुना चेहरा अजून ओळखू येतो.

हा शब्द मला पुष्कळ दिवस अन्यायाचा वाटत असे. आदल्याच वर्षी उदगीर जिंकून आलेला हा जेमतेम तिशीचा पुरुष. अब्दालीने यमुना ओलांडून दक्षिणेची वाट अडविली, रसद तुटली, सैन्याबरोबर बायकामुले आणि यात्रेकरू यांचे लटांबर होते, उत्तरेत मित्र उरले नव्हते. यांतले भाऊंचे किती आणि पुण्याचे किती? विश्वासराव पडल्यावर हत्तीवरून उतरून ते घोड्यावर बसले आणि लढाईत दिसेनासे झाले. भाषेने मात्र सारा हिशेब त्यांच्या एकट्याच्या नावे मांडला. म्हणून लोक ते नाव विसरले याचे मला बरेच वाटे. इतिहासकारांनी वाद घालून जे साधले नाही, ते विसराळूपणाने साधले म्हणायचे!

पुढे मात्र हे समाधान टिकले नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारांत लटकलेली माणसे रुळांवर पडली. काही जण दगावले. आमच्या डब्यात कारणाची चर्चा झाली आणि सर्वांचे एकमत झाले : गर्दी. पाऊस किंवा वीज यांविषयी बोलावे तसे आम्ही बोललो. गर्दीतला भाऊ गेला, तशी त्याच्याबरोबर जबाब विचारण्याची सोयही गेली. जुन्या लोकांनी चुकीच्या माणसाला धरले असेल. पण इतक्या माणसांच्या मरणाला कुणीतरी उत्तर द्यायला हवे, एवढे तरी त्यांना वाटले होते.

मी त्या दिवशी फार हळहळलो. दुसऱ्या दिवशी नेहमीची गाडी आली, तेव्हा दारातल्या माणसाच्या पाठीला हात लावून "अहो, आत सरका" म्हणत मीही चढलो. तो सरकला नाही. त्याला सरकायला जागा नव्हती, हे मला दिसत होते.