न वाचलेल्या पुस्तकाची साक्ष



गेल्या महिन्यात वॉर्डातील रोझरीच्या निमित्ताने आम्ही घरोघरी जात होतो. प्रार्थना आटोपून चहाचे कप हाती आले की आम्ही एक साधा प्रश्न विचारायचो, "सध्या काय वाचता?" पत्रिकेसाठी चार ओळी मिळतील एवढीच अपेक्षा होती. पण गप्पा रंगल्या, आणि शेवटी तो प्रश्न आमच्यावरच उलटला. त्याचीच ही हकिगत.

लोकलने रोज मुंबईला ड्युटीवर जाणारी एक नर्सताई शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' वाचत होती. ती म्हणाली, "कर्णाने एवढी धनुर्विद्या दाखवली, तरी लोक त्याचे कूळच विचारत बसले. त्या पानावर माझे स्टेशन आले, पण उतरावेसे वाटेना." एक निवृत्त गुरुजी नातवाला 'श्यामची आई' वाचून दाखवतात. नातवाचे मत पडले, "श्याम फार रडतो!" गुरुजी रागावले. पण पोराने ऐकून, समजून मत दिले होते, हे त्यांनाही नाकारता येईना. एका आजींना आता डोळ्यांनी दिसत नाही. सून त्यांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे आत्मचरित्र 'नाही मी एकला' रोज थोडे थोडे वाचून दाखवते. आजी म्हणाल्या, "तिच्या आवाजात ऐकताना माझी रात्र सरते."

अशी मते ऐकून आनंद वाटला. पण दुसऱ्या प्रकारची मतेही भरपूर मिळाली. एका गृहस्थांनी मुलाच्या टेबलावर युवाल नोआ हरारी यांचे 'सेपियन्स' पाहिले होते. "असली पुस्तके घरात नकोत," असे ते म्हणाले. "आपण वाचले का?" असे विचारताच उत्तर आले, "वाचायला कशाला हवे? कळते की!" त्याच आळीतील कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने सांगितले की धार्मिक पुस्तके कंटाळवाणी असतात. शेवटचे कोणते वाचले, असे विचारल्यावर ती हसली आणि म्हणाली, "एकही नाही."

आम्ही मनातल्या मनात दोघांनाही दोष दिला. मग गप्पांच्या ओघात २०१९ सालची आठवण निघाली. त्या वर्षी उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी आपल्या वसईच्या फादर दिब्रिटोंची निवड झाली. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा विरोध झाला, धमकीचे फोनही गेले. पुढे जानेवारी २०२० मध्ये संमेलन पार पडले. २०२४ च्या जुलै महिन्यात फादर देवाघरी गेले. पण तो विरोध आमच्या मनात अजून सलतो. आम्ही म्हणालो, "ज्याने पर्यावरणावर लिहिले, 'सुबोध बायबल' मराठीत आणले, त्याचे एक तरी पुस्तक त्या लोकांनी उघडून पाहिले होते का? कर्णासारखे कूळच विचारत बसले!"

कोपऱ्यात मोबाईल पाहत बसलेला एक तरुण मान वर करून म्हणाला, "काका, २००६ साली तुम्ही 'दा विंची कोड'च्या विरोधात सह्या गोळा केल्या होत्या. तुम्ही ते वाचले होते का?"

घरात शांतता पसरली. आमच्यापैकी कोणीही ते वाचले नव्हते.

वाचकहो, त्या वेळी आम्ही चर्चच्या आवारात उभे राहून त्या कादंबरीला काय काय म्हणालो होतो, ते आठवून आज संकोच वाटतो. डॅन ब्राऊन यांची ही कादंबरी २००३ साली आली. २००६ साली तिच्यावरचा चित्रपट आला आणि आपल्या देशातील काही राज्यांनी त्यावर बंदीही घातली. श्रद्धेचा अवमान झाला असे आम्हाला वाटले, आणि ते वाटणे खोटे नव्हते. पण "त्या पुस्तकात असे असे लिहिले आहे" म्हणून आम्ही जे छातीठोकपणे सांगत होतो, ते सारे कोणाकडून तरी ऐकलेले होते.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. पुस्तकाविषयी मत देणे ही केवळ आवडीनिवडीची बाब आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. "मला हे आवडले नाही" ही आवड झाली. पण "हे पुस्तक वाईट आहे, याचा लेखक खोटारडा आहे" असे चारचौघांत म्हटले की ती साक्ष होते. प्रत्येक पुस्तकामागे एक माणूस असतो. न पाहिलेल्या घटनेची साक्ष कोर्टात चालत नाही. मग न वाचलेल्या पानांची साक्ष चर्चच्या आवारात कशी चालावी? खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. ती शेजाऱ्याला लागू आहे, तशी लेखकालाही लागू आहे. आपल्याला न पटणाऱ्या लेखकाला तर ती अधिकच लागू आहे, कारण त्याच्याविषयी वाईट बोलताना आपले मन चटकन तयार होते.

त्या तरुणाच्या प्रश्नानंतर आम्ही वाचनालयातून ती कादंबरी आणली आणि आळीपाळीने वाचली. खरे सांगायचे तर ती हातातून खाली ठेववत नाही. छोटी छोटी प्रकरणे, प्रत्येकाच्या शेवटी उत्कंठा. आजोबांच्या खुनामागचे सत्य शोधणारी नात मनात राहते. पण आमचा आक्षेप मावळला नाही. उलट तो कशावर आहे ते आता कळले. कथा सुरू होण्याआधीच लेखक 'वस्तुस्थिती' म्हणून सांगतो की 'प्रायरी ऑफ सायन' ही १०९९ साली स्थापन झालेली खरीखुरी गुप्त संघटना आहे. प्रत्यक्षात या नावाची संघटना फ्रान्समध्ये १९५६ साली नोंदवली गेली आणि तिच्या प्राचीनतेचे पुरावे म्हणून पुढे आणलेले कागद बनावट होते. कादंबरीतील एक पात्र म्हणते की येशूचे देवत्व इ. स. ३२५ च्या नायसिया धर्मपरिषदेत मतदानाने, तेही थोडक्या मतांनी ठरले. खरे तर संत पौलाची पत्रे त्याच्या अडीचशेहून अधिक वर्षे आधीची आहेत आणि त्यांत येशूला प्रभू म्हटले आहेच. शिवाय त्या परिषदेला जमलेल्या शेकडो बिशपांपैकी अखेरपर्यंत नकार देणारे दोनच होते, असा वृत्तान्त आहे.

हे सारे २००६ साली आम्हाला सांगता आले असते, तर कॉलेजातील मुलांनी आमचे ऐकून घेतले असते. आम्ही मात्र नुसते ओरडलो. मुलांनी पुस्तक वाचले आणि आमचे ओरडणे विसरून गेली.

यावर एका आईने आम्हाला अडवले. तिचा प्रश्न रास्त होता. "विष आहे की नाही हे पाहायला मी विष प्यायचे का? घरात लहान मुले आहेत. मला वेळ कुठे आहे?" नाही, बाई. सगळे वाचण्याची सक्ती कोणावर नाही. आईने मुलांसाठी पुस्तक निवडावे, नको ते बाजूला ठेवावे. तो तिचा अधिकार आहे आणि कर्तव्यही आहे. "मी हे वाचणार नाही" असे म्हणण्यात काही गैर नाही. विश्वासू माणसाच्या शब्दावर सावध राहण्यातही गैर नाही. "अमुक सिस्टरांनी वाचले आहे, त्यांना ते मुलांसाठी योग्य वाटले नाही," असे म्हणावे. ते सत्य आहे. चूक होते ती सिस्टरांनी वाचलेले आपण वाचल्यासारखे बोलतो तेव्हा.

आपल्या चर्चनेही या बाबतीत अनुभव घेतला आहे. निषिद्ध पुस्तकांची यादी रोममध्ये १५५९ साली निघाली आणि १९६६ साली तिचे बंधन संपले. व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझराब्ल' काही काळ त्या यादीत होती. याच कादंबरीतला बिशप चांदीची भांडी चोरणाऱ्याला वरून मेणबत्तीचे स्टँडही देतो, आणि त्या क्षमेने चोराचे आयुष्य पालटते. क्षमेवर याहून प्रभावी प्रवचन आम्ही क्वचितच ऐकले आहे. यादी गेली, पण विवेकाने निवडण्याची जबाबदारी गेली नाही. ती आता तुमच्याआमच्यावर आली आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस तरुणपणी, १९६४-६५ मध्ये, अर्जेंटिनातील सांता फे येथील शाळेत साहित्य शिकवत. अभ्यासक्रमात जुने वीरकाव्य होते, मुलांना मात्र नवे लेखक हवे होते. तेव्हा त्यांनी जुने काव्य घरी वाचायला सांगितले आणि वर्गात मुलांच्या आवडीच्या लेखकांवर चर्चा घेतली. साहित्याविषयीच्या २०२४ सालच्या आपल्या पत्रात त्यांनीच ही आठवण सांगितली आहे. मुले काय वाचतात, हे त्यांनी आधी विचारले. त्या गृहस्थांनीही 'सेपियन्स'वर बंदी घालण्याआधी मुलाला विचारावे, "बाळा, यात तुला काय पटले? मला चार पाने वाचून दाखव." न पटल्यास मग खुशाल वाद घालावा. निदान बापलेक एकाच पानाविषयी बोलत असतील.

आणखी एक गोष्ट. न वाचता केलेली स्तुतीही साक्षच असते. 'सुबोध बायबल'ला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा आपण फटाके वाजवायचे काय ते बाकी ठेवले होते. आज किती घरांत ते कपाटात प्लॅस्टिकच्या कव्हरासकट उभे आहे? आमच्यापैकी दोघांच्या घरी ते तसेच होते. आता कव्हर काढले आहे.

पुढील रविवारपासून दुसऱ्या मिस्सानंतर हॉलच्या दाराशी एक वही ठेवत आहोत. आपण सध्या काय वाचता ते तीत लिहावे, आणि कसे वाटले ते एका ओळीत लिहावे. कादंबरी चालेल, शेतीचे पुस्तक चालेल, संतचरित्र चालेल. किती पाने वाचून हे मत झाले, तेही प्रामाणिकपणे लिहावे. वीसच पाने वाचली असतील, तर 'वीस' लिहावे.

पहिल्या पानावर आम्ही आमची नोंद केली आहे : 'दा विंची कोड. सर्व पाने. मत दिले २००६ साली, वाचले आता.'