आश्वासनाने न भागणारी काळजी

आपल्या घरांत काळजीला मान आहे. जो काळजी करतो त्याचा जीव जडलेला, आणि जो निवांत तो बेफिकीर, असं आपण धरून चालतो. रात्रीच्या बसने निघालेल्या मुलाला आईने दोन-तीनदा फोन केला, तर त्यात आजार शोधू नये; ती मायाच आहे. पण मुलाच्या रोजच्या लोकलप्रवासालाही तसाच फोन जाऊ लागतो. त्याने तो उचलला नाही की आईचे हातपाय गार पडतात, आणि 'पोचलो' हे ऐकूनही थोड्याच वेळात मन परतीच्या गाडीकडे धावतं. अशा वेळी माया तेवढीच असते, पण काळजी प्रसंगाला सोडून गेलेली असते.

ती ओळखू येत नाही, कारण ती बहुधा शरीराच्या तक्रारी घेऊन येते. छातीत धडधड, पोटात गोळा, आखडलेले खांदे, पहाटेच उडणारी झोप, क्षुल्लक कारणावरून चिडचिड. माणूस ॲसिडिटीची गोळी घेतो, बीपी मोजतो, ईसीजी काढतो. तपासणी व्हायलाच हवी. थायरॉइड वाढलेलं असलं किंवा रक्त कमी असलं तरी धडधडतं, आणि छातीतलं दुखणं अंगावर काढू नये. चूक होते ती पुढे. रिपोर्ट नॉर्मल आले की 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं सांगून त्याची बोळवण होते. त्याला झालेलं असतं. संकट दिसलं की ॲड्रेनलिन रक्तात मिसळतं आणि शरीर झुंजायला किंवा पळायला सज्ज होतं, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली मांडलं. चिंतेत तीच सज्जता येते, समोर संकट नसताना. त्या धडधडीचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावला की भीती वाढते आणि भीतीने धडधड. पॅनिकचा झटका असा चढत जातो.

मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते याच्या पुढचं. घाबरलेल्या माणसाला आपण धीर देतो, 'काही होणार नाही' म्हणतो. तो पुन्हा बीपी मोजतो, कुलूप पुन्हा ओढून पाहतो, पुन्हा फोन लावतो. क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, आणि ते सुटणंच घात करतं. 'मी तपासलं म्हणून निभावलं' अशी मनाची खात्री पटते आणि पुढच्या वेळी न तपासता राहवत नाही. म्हणून उपचारात उलटा रस्ता धरतात: फोन लावावासा वाटला तरी थोडं थांबायचं, अस्वस्थता चढू द्यायची आणि ती आपोआप उतरते हे अनुभवायचं. हे सोपं नाही. घरच्यांना तर ते निष्ठुरपणाचं वाटतं. पण खरी मदत यातच आहे, असं माझं ठाम मत आहे.

मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक यांनी १९८० च्या दशकात एक साधा उपाय तपासला: काळजीसाठी दिवसातला अर्धा तास राखून ठेवायचा, एरवी आलेला विचार त्या वेळेवर ढकलायचा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस विचारांच्या मुळाशी गेले. 'मुलगा सुखरूप असावा' ही इच्छा आहे. 'तो सुखरूप असल्याची खात्री मला आत्ता मिळालीच पाहिजे' हा हट्ट आहे, आणि त्रास हट्टाने होतो. ही विवेकनिष्ठ विचारसरणी कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. ठाण्यात १९९० साली सुरू झालेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेमधून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती सामान्य वाचक-श्रोत्यांपर्यंत नेली.

मात्र प्रत्येक काळजी विचारांच्या चुकीतून येत नाही. सोयाबीनचा भाव पडलाय आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे, अशा शेतकऱ्याला 'विचार बदला' सांगणं क्रूरपणाचं आहे. त्याला आधी पैशाचा मार्ग हवा. आणि त्या काळजीने झोप-जेवण तुटलं असेल, तर उपचारही हवेत.

औषधांबद्दल आपल्याकडे दोन टोकं दिसतात. मानसोपचारतज्ज्ञाने दिलेलं औषध 'सवय लागेल' म्हणून बंद होतं, आणि चिंता तात्पुरती शमवणारी अल्प्राझोलमची गोळी मात्र शेजाऱ्याकडून मागून घेतली जाते. खरी सवय लागते ती या दुसरीची, आणि ती रोज घेत असलेल्याने एकदम सोडणंही धोक्याचं. चिंतेवर सहसा पहिल्यांदा दिली जाणारी औषधं सावकाश काम करतात, त्यांना काही आठवडे द्यावे लागतात. जवळपास तज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येतं.